यंत्राची खांदेमळणी

गवत कापायच्या यंत्राचा मला आजही राग येतो. खरं तर यंत्राचा नाही, माणसांचा. पण नोकरी नवी होती, माणसांवर चिडायची सोय नव्हती.

जिंतूरकडच्या एका गावात मी शाळेत खेळाची बाई होते. माझ्या मुली खो-खो लय भारी खेळायच्या. जिल्ह्याचे सामने आमच्याच मैदानावर व्हावेत म्हणून मी किती जणांच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. बाहेरगावी मुलींना कोणी पाठवणार नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी कुठं एस.टी. अडवतील याचा नेम नव्हता. सामने गावात झाले तरच मुली खेळणार.

पण गावाची रीत अशी, की मैदानावरचं गवत पोळ्यापर्यंत राखायचं. ते बैलांच्या वाट्याचं. पोळा झाला, बैल चरून गेले, तरी गवत गुडघाभर आणि दाट. त्याच आठवड्यात मैदानाच्या पाहणीला परभणीहून साहेब येणार होते. बाया लावून विळ्यानं कापू म्हटलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, "मग यंत्र काय पूजेला आणलंय?"

पूजा आधीच झाली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं मळतात. आमच्या शिपाईमामांनी यंत्रही उलटं करून आतून हळद-तेलानं जाड लिंपलं होतं. "कामाचं हाय बाई, त्याचा बी मान हाय."

सकाळी दवातच सरांनी यंत्र घातलं, तेही पातं अगदी जमिनीलगत ठेवून. जरा पुढं गेलं, घरघरलं, बंद. उलटं केलं तर झाकणाखाली पिवळ्याहिरव्या चिखलाचा थर, शेणानं सारवल्यासारखा. प्लगची वायर काढायची, खुरप्यानं खरडायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा बंद. मी म्हटलं, "सर, ऊन पडू द्या. पातं वर घेऊन आधी शेंडे काढू, मग खालचं. आणि एका वेळी यंत्राच्या अर्ध्या रुंदीचाच पट्टा घेऊ."

"दोनदा कापायला यंत्र कशाला लागतंय?" गाढवापुढं वाचली गीता.

ते जेवायला गेले तेव्हा मी रॉकेलच्या फडक्यानं आतली हळद पुसली, चाकं खाली करून पातं वर घेतलं आणि अर्धा अर्धा पट्टा धरला. कापलेलं गवत भुरुभुरु बाहेर पडायला लागलं. मैदानाचा एक कोपरा झालाही. तेवढ्यात सर आले. "हे काय अर्धवट भादरलंय?" म्हणून त्यांनी पातं पुन्हा तळाला नेलं. पुन्हा गच्च तुंबलं. या खेपेला यंत्राचा रबरी पट्टाच तुटला. मला ओरडावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, उभ्याउभ्याच मैदान पाहिलं. मी म्हटलं, "आजच्या आज बाया लावते."

"बाई, हे काय एवढ्यात व्हायचं न्हाई," साहेब म्हणाले. सामने परभणीला गेले.

मी घरोघर फिरले. कर्णधार मुलीचे वडील म्हणाले, "गावात असतं तर मी सोता बघायला बसलो असतो. परभणीला न्हाई धाडायचो." इतर घरांतही तेच.

पुढच्या वर्षी मी कोणाचं ऐकलं नाही. पोळा झाल्यावर लगेच बायांकडून गवत कापून घेतलं आणि सामने आमच्याच मैदानावर झाले. तोवर त्या कर्णधार मुलीचं लग्न झालं होतं. माहेरी आली होती म्हणून ती सामने बघायला आली आणि डोक्यावर पदर घेऊन दोरीच्या बाहेर उभी राहिली.