गव्हाणीतला फोटो

मी उत्तम फोटो काढतो. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्रही आहे (ते सगळ्यांना देतात).

त्यामुळे दिंडोरीहून मामांचा फोन येताच मी कॅमेरा पुसायला घेतला. आजोबांचा मळा विकून तीस वर्षं झाली. तिथं आता द्राक्षबाग आहे. जुन्या गोठ्यातली एक दगडी गव्हाण तेवढी उरली होती, आणि नवे मालक सोमवारी तीही पाडणार होते. लहानपणी आई आणि मामा त्या गव्हाणीत बसून भाकरी खायचे, पण दोघांचा तिथला एकही फोटो नव्हता. आई मला एवढंच म्हणाली, "आमचा दोघांचा एक काढ. नीट काढ."

रविवारी आईला घेऊन पोचलो. मालकीणबाईंनी चहा पाजला. मग मी दोघांना गव्हाणीशी उभं केलं आणि उजेड कमी आहे, कोन चुकतोय, मामांची टोपी नको, नाही नाही, हवीच, असा अर्धा तास घोळ घातला. आईचे गुडघे कुरकुरायला लागले. मामा म्हणाले, "अक्का, ह्यो फोटो काढतोय का सोयरीक जुळवतोय?"

मी म्हटलं, तुम्ही आत बसा, तरच मजा. दोघांनीही साफ नकार दिला. मग 'सोपं असतं हो' म्हणत मीच दाखवायला आत बसलो. बसलो तो बसलोच! कंबर दगडांत रुतली, पाय आभाळाकडे. शेजारी बांधलेल्या मालकांच्या गाईनं शांतपणे माझं डोकं चाटायला घेतलं (तिचं काय चुकलं? गव्हाणीत पडेल ते आपलं!).

आईनं एक हात धरला, मामांनी दुसरा. ओढता ओढता आईला हसू फुटलं, मग मामांना, आणि दोघांची ओढायची ताकदच गेली. सत्तरीच्या आईला इतकं खिदळताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. अडकलेलो असूनही मला फार बरं वाटलं. तेवढ्यात मालकीणबाईंनी मोबाईलवर एकदाच बोट दाबलं. फोटो असा आला की माझं प्रमाणपत्र त्यांनाच देऊन टाकावं. शेवटी मालक पहार घेऊन आले आणि मला सोडवायला गव्हाण एक दिवस आधीच पाडावी लागली.

तो फोटो आता मामांच्या बैठकीत लावलाय. परवा एका पाहुण्यानं विचारलं, मधे हे कोण? मामा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मळा इकला तव्हा एक जनावर तिथंच राह्यलं व्हतं. ते आणाया गेलो व्हतो."