पट्ट्याला तेल

लकडगंजात माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर चंद्रभान मेस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस हुशार, पण हेकट. अॅम्बेसेडर असो की फियाट, इंजिनातली टायमिंगची चेन सैल झाली की बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून सांगायचा. नवी चेन बसवण्याआधी तिला तेलाने न्हाऊ घालायचा. कोरडी चेन चढवणाऱ्याला तो मेस्त्रीच मानत नसे.

शहाऐंशी साली धरमपेठेतल्या एका डॉक्टरांची नवी मारुती त्याच्याकडे आली. तिच्यात चेनच्या जागी रबरी दातेरी पट्टा. चेन बिघडली की खडखडते. पट्टा मुकाट तुटतो आणि गाडी जागीच बंद पडते. म्हणून डॉक्टरांनी तो वेळेआधीच बदलायला सांगितला. चंद्रभानला पट्टा जुळवायच्या खुणा सापडेनात, फटीत हात शिरेना, पट्टा चढवला की चाक एक दात पुढे सरके. दोन दिवस शिव्या घालत त्याने तो बसवला. आणि शेवटी, जन्माची सवय, वरून तेल सोडलं. मी स्टुलावर बसून बघत होतो. "पाज, पाज," असं वर हसून म्हणालोही. त्या रबराला तेल म्हणजे विष, हे आम्हा दोघा दीडशहाण्यांना ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांनी एका सकाळी डॉक्टरांना भिवापूरहून फोन आला, जयवंता नावाची बाई बाळंतपणात अडली आहे. डॉक्टर तडक निघाले आणि उमरेडच्या पुढे गाडी बंद पडली. ट्रकने पोचेपर्यंत ती गेली होती, पोटातलं मूलही गेलं होतं.

गाडी ओढून आणली. चंद्रभानने झाकण काढलं. पट्टा फुगलेला, तेलकट, दात सोलून निघालेले. डॉक्टर म्हणाले, "नशीब तिचं." आम्ही दोघे मूग गिळून उभे राहिलो.

त्यानंतर चंद्रभानचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पट्ट्याची गाडी आली की हात पेट्रोलने धुवायचा, मग साबणाने, पुन्हा पेट्रोलने. कातडी फाटून रक्त यायचं. इंजिन हाताने फिरवता फिरवता मध्येच थांबायचा. "गणपतभाऊ, कोणी बाई कण्हून राहिली काय गा?" भर दुपारी, शेजारच्या आरामशिनीत करवत चालू असताना! मला त्याचा राग यायचा. पण तो वळला की मीही कान देऊन ऐकायचो, आणि अंगावर काटा यायचा.

"मले भिवापूरले जाऊन तिच्या नवऱ्याले सांगाचं हाय," तो म्हणायचा.

"काहून? मेलेलं माणूस परत येते काय? उगाच पोलीस मागं लावून घेशील. गप बस!" मी दरडावायचो. खरं सांगायचं तर तेल सोडताना मी हसलो, हेही तो सांगेल अशी मला धास्ती होती. तीन वर्षं मी त्याला असाच अडवला.

शेवटी एका सकाळी गॅरेजला कुलूप घालून तो एसटीत बसला. तो तिथे काय काय बोलतो ते ऐकायला मीही धावत जाऊन बसलो.

जयवंताचा नवरा धोंडबा अंगणात मिरच्या पसरत होता. चंद्रभानने मान खाली घालून एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा अंगावर येणार. पण त्याने हातातल्या मिरच्या खाली ठेवल्या.

"म्हंजे डॉक्टर पोचले असते?"

"गाडी चालली असती तं पोचले असते, भाऊ."

"कळा रातीपासून होत्या. म्या फोन सकाळी केला. मले वाटे, म्याच मारली तिले." धोंडबा ढसाढसा रडायला लागला. "मोठ्या पोरीले तिच्या मामाकडं ठेवलं. तिच्या तोंडाकडं पाहाची हिंमत नाही झाली. तीन वर्सं झाली गा!"

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. "मंग तवाच काहून नाही आला सांगाले?"

चंद्रभानने माझं नाव घेतलं नाही. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मीही घेतलं नाही.