निळ्या हद्दीतलं घर

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि आधी स्वतःवरच. जबलपूरला मी ठाणेदार होतो. इंटरनेटवरचे नकाशे तेव्हा नवेच होते आणि पडद्यावर दिसलेलं आम्हाला ब्रह्मवाक्य वाटे.

शहरातल्या गढा भागात राहणाऱ्या एक निवृत्त मराठी शिक्षिका ठाण्यात आल्या. पती गेल्यापासून एकट्याच होत्या. कुठल्याशा वेबसाइटवरच्या नकाशात त्यांचं घर तलावाच्या निळ्या हद्दीत दाखवलं होतं. घर पाडलं जाणार, त्याआधी स्वस्तात मला द्या, असं म्हणत एक दलाल रोज दारात उभा राहत होता. मी संगणकावर नकाशा उघडला. घर खरंच निळ्यात होतं. हे महसूलचं काम, तहसीलमध्ये जा, असं सांगून मी मोकळा झालो. रोजनामच्यात साधी नोंदही केली नाही.

पंधरा दिवसांनी रजिस्ट्री कार्यालयासमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या एका अर्जनवीसाने खबर दिली. त्याच गल्लीतल्या तीन घरांची विक्रीपत्रं एकाच दलालाच्या नावे झाली होती आणि सोमवारी बाईंच्या घराचा नंबर होता. तेव्हा कुठे मी हललो. तहसीलचा जुना नकाशा मागवला, तर तलाव गल्लीपासून बराच लांब. हे काम पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात झालं असतं.

वेबसाइट दलालाचीच निघाली. नकाशा ओमती भागातल्या एका नक्शेवाल्याने केला होता. चाळिशीचा, सरळ चेहऱ्याचा माणूस. "साहब, जो कागज मिला वही उतारा," एवढंच घोकत राहिला. अशा माणसावर ओरडून उपयोग नसतो, त्याला त्याच्या कामाबद्दल बोलतं करावं. निळा रंग चढतो कसा, असं मी विचारलं. तो खुलला. एक फाइल असते, तिच्यात प्रत्येक कोपऱ्याचे रेखांश-अक्षांश आणि रंग लिहायचा, की मूळ नकाशावर आकृती उमटते. एखादी खूण दाखवायची नसेल तर तिच्यात शून्य टाकायचं. खूण फाइलमध्ये राहते, पडद्यावर दिसत नाही. एवढं बोलला आणि जास्त बोलून गेल्याचं ध्यानात येताच पुन्हा 'जो कागज मिला'वर आला.

मी ती फाइल साध्या मजकुरासारखी उघडायला लावली. गल्लीतल्या घराघराची खूण त्यात होती, शून्य टाकलेली, आणि प्रत्येकीपुढे दलालाने सांगितलेला शेरा. 'बेटा पुणे में.' 'बूढ़ा बीमार, जल्दी मानेगा.' कुणाला कधी गाठायचं, याची ही यादी. लपवलं म्हणजे पुसलं, असं समजून या शहाण्यांनी तीच फाइल वेबसाइटवर चढवली होती. माणसांच्या दुखण्याखुपण्याची अशी नोंद ठेवणारे हरामखोर मी नोकरीत फार थोडे पाहिले.

बाईंच्या घरापुढे लिहिलं होतं, 'थाने से लौटा दी गई. अब बेचेगी.'

मी तडक गढ्याला गेलो. घर तलावात नाही, सही करू नका, असं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चलो, घर राहिलं," त्या म्हणाल्या. "पण हे तुम्ही तेव्हा काहून नाही पाहिलं, साहेब? मी तर समोरच बसून होती."

दलाल आणि नक्शेवाला दोघेही आत गेले. बाकीच्या तिघांना मात्र आपल्याच घरासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. लबाडाला हत्यार लागतंच असं नाही, आमचा आळस त्याला पुरतो, हे मी या प्रकरणात शिकलो. एफआयआरमध्ये तक्रारीला उशीर का झाला, असा एक रकाना असतो. तिथे आम्ही सवयीने 'फिर्यादी घाबरलेली होती' असं लिहितो. ठाण्यातल्या कारकुनाने, मुन्शीने, तेच लिहायला घेतलं, तेव्हा मी कागद त्याच्याकडून ओढून घेतला आणि लिहिलं, 'फिर्यादी वेळेवर आली होती. ठाणेदाराने परत पाठवली.'