इंजिनासोबत आलेल्या बाई

फोन उचलला की बाई आधी एवढंच विचारायच्या, "गाडी खंय आसा ता पयला सांग. कित्याक रवली ता मागीर." गाडी कुठे आहे ते आधी, का थांबली ते नंतर. मी वेंगुर्ल्यात त्यांच्या ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात, त्या मुंबईत. आमचं बहुतेक बोलणं फोनवरच झालं.

बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्याच, चर्चजवळच्या. मुंबईत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत त्यांनी वीस वर्षं कारकुनी केली. ती बंद पडली तेव्हा वाशीत एक गाळा आणि एक भाड्याचा टेम्पो घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. "बाईमाणूस आणि ट्रान्सपोर्ट?" असं कुणी म्हटलं की त्याला चहा देत, आणि गावी पाठवायचं काही सामान आहे का ते विचारून घेत.

गंमत म्हणजे बाईंना गाडी लागायची. गावी यायच्या त्या रेल्वेनेच, आणि स्टेशनवरून रिक्षात बसतानाही हातात लिंबू.

धंद्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात इथल्या एका मच्छीमाराच्या होडीचं इंजिन मुंबईहून दुरुस्त होऊन आमच्या टेम्पोने यायचं होतं. मासेमारीची बंदी उठायला तीन दिवस उरले असताना महामार्गावर दरड कोसळली. कोल्हापूरमार्गे यायचं तर गगनबावड्याचा घाट उतरायला हवा, आणि तशा पावसात एकट्याने उतरायला ड्रायव्हर तयार होईना.

मी म्हटलं, "बाई, त्यांना सांगूया, आठ दिवस थांबा."

"मी त्येका शब्द दिलंय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो जेटीवर लागला. ड्रायव्हरशेजारून बाई उतरल्या. चेहरा पांढराफटक, ड्रेसवर चिखल. भांडायच्या तयारीत आलेला मच्छीमार बघतच राहिला.

"बाय, तुमी कित्याक इलास?"

"ड्रायव्हराक सोबत होयी होती. घाटाखाली वैभववाडीपर्यंत देवाचा नाव घेतलंय, फुडे झोपलंय."

त्याच्या बायकोने पेज आणली. बाईंनी ती बाजूला ठेवली. इंजिन उतरवून होडीत बसवेपर्यंत दगडावर बसून राहिल्या. "चालू करून दाखव," म्हणाल्या. ते धडधडायला लागल्यावर मग पाणी मागितलं.

पुढे जेटीवरचा बराचसा माल आपोआप आमच्याकडे येऊ लागला.

गेल्या चैत्रात बाई मुंबईत वारल्या. सकाळी मला कळलं तेव्हा गाडीत आंब्याच्या पेट्या चढत होत्या. हमाल माझ्याकडे बघत उभे राहिले. "थांबया काय?" एकाने विचारलं. मी नको म्हटलं. सगळ्या पेट्या चढल्या, ताडपत्री बांधली, गाडी रवाना केली. मग शटर खाली ओढलं आणि आत रिकाम्या फरशीवर बसून राहिलो.