टाकी तीनची पाटी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच देव, भूत, नजर... सगळं आमच्या घराबाहेर गेलं. आमच्या कल्याणच्या सोसायटीत कोणी दाराला लिंबू-मिरची बांधली तरी मी भांडायला जातो. तेव्हा 'भाऊ, भास झाला असेल' अशी कॉमेंट टाकणाऱ्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा.

वागळे इस्टेटमध्ये रंगाचा कारखाना आहे, तिथलं सॉफ्टवेअर मी बघतो. रंग ढवळायच्या मोठ्या टाक्या. टाकी रिकामी झाली की माणूस आत उतरून तळाचा थर खरवडतो. त्या वेळी वरून कोणी मिक्सर चालू केला तर... जाऊ दे, नकोच.

म्हात्रेकाका आमचे फोरमन, कळव्याचे. माणूस आत गेला की ते मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचे आणि त्या टाकीच्या चॅट चॅनलच्या नावाखाली दिसणारं वर्णन बदलायचे — 'आत माणूस आहे. चावी माझ्याकडे. म्हात्रे.' मी चिडवायचो, काका, साधा मेसेज टाका की! तर म्हणायचे, "बाला, मेसेज कोन वाचतंय? पाटी लाव, पाटी." माणूस बाहेर आला की स्वतःच पुसायचे.

चार महिन्यांपूर्वी काका गेले. हार्ट अटॅक. त्यांचं अकाउंट मी माझ्या हातांनी बंद केलं.

पुढे साहेबांच्या डोक्यात AI शिरला. कंट्रोल पॅनलवरच्या माणसाने विचारायचं, 'टाकी तीन चालू करू का?' आणि AI ने बघून सांगायचं. त्याला बघता यावं म्हणून मी एक टूल लिहिलं. चॅनलचं नाव, वर्णन, मेंबर कोण, एवढंच वाचायचं. रीड-ओन्ली. एक अक्षर लिहायची सोय त्यात नाही. मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं, मेसेज वाचायची गरजच नाही, पाटी पुरे!

काकांनंतर पाटी लावतो कोण, हे मात्र मी कुणालाच विचारलं नाही. अक्कल गहाण ठेवलेली, दुसरं काय.

त्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटं. मी नुकताच डबा उघडलेला. पॅनलवरून ज्योतीचा फोन.

"सर, हा चालू करू नको म्हणतोय."

"का?"

"आत माणूस आहे म्हणे. खाली म्हात्रेकाकांचं नाव येतंय, सर..."

"अगं ज्योती, काहीही काय! AI थापा मारतो कधीकधी."

'कर चालू' हे शब्द माझ्या तोंडात आलेले. खरंच आलेले, खोटं कशाला बोलू. पण ती घाबरत घाबरत पुढचं वाचायला लागली, "चावी माझ्याकडे..." आणि मी घास टाकून पळालो. "हात लावू नकोस!" म्हणून जिन्यात ओरडत होतो.

टाकीत वाकून बघितलं तर आत गोरख. तोंडाला मास्क, हातात खरवडणी. वर बघून म्हणतो, "काय साहेब, जेवण झालं का?"

गोरखला दोन लहान मुली आहेत.

नवीन फोरमन संदीपने 'गोरख आत गेलाय' असा मेसेज टाकलेला. अकरा जणांनी अंगठे दिलेले. स्विचला कुलूप नाही, पाटीची जागा कोरी.

आता ऐका. AI ने मनाने रचलं म्हणाल, तर टूलला चॅनलकडून जे उत्तर येतं ते AI च्या हाती पडण्याआधी लॉगमध्ये साठतं. तसंच मी लिहिलंय. तिथे ते वाक्य आहे, एक वाजून नऊ मिनिटांचं, शेवटच्या पूर्णविरामासकट. जुनी नोंद चुकून आली म्हणाल, तर मेंबरांची यादी त्याच दिवशीची आहे, सकाळीच जोडलेला पोरगा धरून. आणि चॅनलच्या इतिहासात चार महिन्यांत वर्णन एकदाही बदललेलं नाही. आठ दिवस मी तेच टूल हजार वेळा चालवलं. प्रत्येक वेळी कोरं.

शेवटी कळव्याला म्हात्रेकाकूंकडे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, रडतील. त्या शांतपणे चहा ठेवत म्हणाल्या, "किती वाजले व्हते?"

"एक वाजून गेलेला."

"मंग बरोबर. आत मानूस असला ना, त्यांना जेवन जात नसं. डबा तसाच घरी येवाचा."

आजही माझा भुतावर विश्वास नाही, आणि तो लॉगही मी पुसलेला नाही. टूल मी बदललं, ते आता मेसेजही वाचतं. कुलूप परत आलं. पाटी संदीप लावतो.

आणि मी रोज एक वाजता आधी पाटी बघतो. आत माणूस असेल तर डबा उघडत नाही.