हात न लागलेली कणीक

आईचं फुप्फुसांचं दुखणं बरं झालं, पण गेलेला दम काही परत आला नाही. दोन पोळ्या लाटल्या की ती ओट्याला धरून उभी राहायची आणि मी बघतेय हे कळलं की उगाच डबे सरकवायची.

दादाने गुरुग्रामहून फोनवर सांगून टाकलं, "पुढच्या महिन्यात एका रविवारी जेवायला येतो. आईला स्वतःचं करता येत असेल तर ठीक. नाहीतर मी तिला इकडे घेऊन येणार."

दादाचं घर उंच टॉवरमध्ये. तिथे स्वयंपाकाला बाई आहे. आईला दिल्लीतलं आमचं द्वारकेचं घर सोडायचं नव्हतं. "तिथे मी पाहुणी," ती म्हणाली. "मला पाहुणी म्हणून मरायचं नाही."

मी म्हटलं, यंत्र आणू. बाई ठेवणं मला मान्य नव्हतं. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि जीव मात्र कर्मचाऱ्यांच्या संघटनेत. त्यांच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. दुसऱ्याच्या घामावर आपली फुरसत उभी करायची नाही. श्राद्ध, पिंड, दहावं ही मेलेल्यांच्या नावाने जिवंतांची लूट आहे. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं, आणि आजही मी ते भर चौकात बोलेन. मागच्या हिवाळ्यात बाबा गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे मी एकही विधी होऊ दिला नाही. आई तेव्हा काही बोलली नव्हती.

दुकानात मी थेट सगळ्यात दणकट फूड प्रोसेसरकडे गेले. विक्रेता उत्साहाने म्हणाला, "मॅडम, इसमें सब होता है. काटना, पीसना, गूंधना, जूस."

आईने स्टुलावर बसून त्याचं झाकण फिरवायचा प्रयत्न केला. ते जागचं हललं नाही. "आणि रडवणं," ती मला म्हणाली. "हे उचलायला मला एक बाई लागेल, आणि बाई तर तुला चालत नाही."

मग आम्ही तिच्या पद्धतीने यंत्रं पाहिली. झाकण एका मनगटाने बसतं का? भांडं बसल्या जागेवरून उचलता येतं का? धुताना बोटं पात्याशी जातात का? ताकद, वॉट, जोडपाती सगळं बाजूला राहिलं. सगळ्यात लहान यंत्र ठरलं. विक्रेत्याचा चेहरा पडला. "माताजी, ये तो दो लोगों का है."

"दोघीच आहोत," आई म्हणाली.

घरी खिडकीपाशी बुटक्या टेबलावर ते ठेवलं, म्हणजे कधीच उचलायला नको. आईने कणीक घातली, पाणी, तेल घातलं, झाकण फिरवलं. पीठ आधी भिरभिरलं, मग एकवटलं आणि त्याचा गोळा भांड्याच्या भिंतीवर आपटू लागला. ठक. ठक. आतून कुणी दार वाजवावं तसा.

यंत्र थांबलं. आईने झाकण काढलं आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

गोळा गुळगुळीत होता. एक सुरकुती नाही, एक वळ नाही. कणीक मळून झाली की आई नेहमी तिच्यावर चार बोटं दाबते. बोटं उमटवली नाहीत तर तो गोळा पिंड होतो, गेलेल्यांचा होतो, असं तिच्या आईने तिला शिकवलेलं.

"मग दाब ना बोटं," मी म्हटलं.

"याला कुणाचाच हात लागलेला नाही. हा त्यांचा आहे. त्यांच्यावर मी बोटं कशी दाबू?"

मी अंधश्रद्धेवर बोलले. बरंच बोलले. आई म्हणाली, "तुझे बाबाही हेच बोलायचे. बोलून झालं की बोटं उमटलेल्या कणकेच्या पोळ्या खायचे."

नंतर मी मानेसरहून कंपनीच्या बसने परतायचे तेव्हा यंत्र धुऊन पालथं घातलेलं असायचं आणि ताटात खिचडी. "दमले गं आज," आई म्हणायची. ती वाळत चालली होती. मग एकदा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "बेटा, दोपहर को तुम्हारे यहाँ ठक-ठक बहुत देर चलती है. कोई काम चल रहा है?"

कणीक मळायला मिनिटभर पुरतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि माझ्या खोलीत पडून राहिले. दुपारी आवाज सुरू झाला आणि थांबेचना. मी उठून गेले. धुरकटलेल्या उजेडात आई स्टुलावर बसली होती आणि फिरणाऱ्या गोळ्याकडे टक लावून पाहत होती. मला बघून तिने यंत्र बंद केलं.

"ही ठकठक थांबवावीशी वाटत नाही. रोज एक करून बाल्कनीत ठेवते," ती म्हणाली. "शिवत नाही कुणी. संध्याकाळी फेकून देते. मग पोळ्यांपुरता दम राहत नाही."

"आई, बाल्कनीला कबुतरांची जाळी आहे. कावळा येणार कुठून?"

"म्हणून तर तू बोल. बोलणं जातं जाळीतून. माझ्या शब्दासाठी नाही अडलेलं, तुझ्या शब्दासाठी अडलंय."

मला संताप आला. पण तिचे ओठ निळसर दिसत होते आणि रविवार जवळ आला होता. मी भांडं ताटलीत पालथं करून तो गोळा बाल्कनीत ठेवला. ज्याला मी आयुष्यभर विरोध केला त्या प्रकारापुढे उभी राहून मोठ्याने म्हणाले, "बाबा, आई इथेच राहील. तिला या घरातून कुणी नेणार नाही." हे मी मेलेल्या माणसाशी बोलले नाही. ते आईने ऐकावं म्हणून बोलले.

तिला आत नेऊन पाणी दिलं. परत आले तर ताटली रिकामी होती. मी जाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपली. कुठेही भोक नव्हतं. खाली फरशीवर कण नव्हता. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि नाही म्हणून मी भलतं काही मानणार नाही.

आत आईने नवी कणीक घेतली होती. यंत्र मिनिटभर चाललं. तिने गोळा काढला, चार बोटं दाबली आणि बसून, थांबत थांबत पोळ्या केल्या.

रविवारी दादा आला. त्याने आईला सगळं करताना पाहिलं. पोटभर जेवला, तरी कपाळावरची आठी गेली नाही.

"जमतंय तुला, मान्य," तो म्हणाला. "पण ही दिवसभर मानेसरला. तू इथे एकटी. दम लागला तर?"

"एकटी कुठे?" आई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. संध्याकाळी तो एकटाच परत गेला.