किल्लीवाल्याच्या घराचं कुलूप

आमच्या गल्लीतले किल्लीवाले काका कोणाचंही कुलूप दोन मिनिटांत उघडून देतात. कपाट असो, गाडी असो, नाहीतर आतून कडी लावून बसलेलं पोर असो. त्यांच्या स्वतःच्या घराचं कुलूप मात्र दिवसभर बंद असायचं. सकाळी साडेनऊला दुकानात निघताना ते दाराला बाहेरून कडी लावायचे, कोयंड्यात दणकट कुलूप अडकवायचे, तीनदा ओढून बघायचे आणि किल्ली कमरेला लटकवून चालू लागायचे. आत काकू.

कोणी विचारलंच तर म्हणायचे, "दिवस कसे आलेत, बघताय ना." दिवस कसेही येवोत, त्या घरात चोराने न्यावं असं काही नव्हतं. एक टीव्ही होता, त्याला नुसता आवाज होता.

मी समोरच राहते. दाराशी शिलाई मशीन टाकून बसते, त्यामुळे गल्लीत कोण आलं, कोण गेलं, सगळं आपोआप कळतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काकू न सांगता बहिणीकडे निघाल्या होत्या. काकांनी त्यांना बसस्टँडवरून परत आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून कुलूप सुरू झालं. याला ते काळजी म्हणतात.

काकू आत रिकाम्या बसत नव्हत्या. काका दुकानात कोऱ्या किल्ल्यांना मशीनवर खाचा पाडायचे आणि कानशीने घासून त्या साफ करायचं काम घरी आणायचे. ते काकूंनी करायचं. गिऱ्हाइकाला काका छाती फुगवून सांगायचे, "माझ्या हातची किल्ली आहे, कधी अडकायची नाही." आणि ती खरंच कधी अडकायची नाही.

अकरा वर्षांपूर्वी घराचं जुनं कुलूप गंजलं. काकांनी नवं आणलं, त्याची जादा किल्ली पाडली आणि सवयीने बाकीच्या किल्ल्यांबरोबर घासायला काकूंपुढे टाकली. आपण कोणाच्या हातात काय देतोय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कामगारालाही डोळे असतात, हे मालकाला सहसा सुचत नाही. काकांच्या कमरेला नव्याने लटकू लागलेल्या किल्लीच्या खाचा काकूंनी लगेच ओळखल्या. कामात आलेल्या एका कोऱ्या किल्लीवर कानशीने तशाच खाचा आपल्यासाठी पाडल्या आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या गजांतून मला हाक मारून ती हातात दिली.

तेव्हापासून रोज दहाला मी कुलूप उघडायची. काकू कधी बागेत बसायच्या, कधी वाचनालयात, कधी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसने परत यायच्या. काका दोनला जेवायला येत, म्हणून पावणेदोनला काकू घरात हजर. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. पत्ता नव्हता तो फक्त कुलपांतल्या जाणकाराला. आम्ही पोट धरधरून हसायचो.

पण पावणेदोनला त्यांना आत घालून कडी मीच लावायची. किल्ली फिरवून कुलूप ओढूनही बघायची, मग किल्ली गजांतून त्यांना परत द्यायची. मला वाटायचं, मी केवढे उपकार करतेय. आता आठवलं की लाज वाटते.

"मला एकदा घड्याळ न बघता कुठेतरी जायचंय गं," काकू म्हणायच्या. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही.

मध्यंतरी त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन झालं. जवळ कोणी नव्हतं. 'येऊन राहा' असा फोन आला. काकूंनी जेवताना रीतसर विचारलं.

"तू गेलीस तर घरी कोण?" काका म्हणाले.

"घराला कुलूप असेल की."

"घरात कोणी नसताना कुलूप कशाला लावायचं?"

काकूंनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघी हसलो नाही.

सकाळी निघावं, तर दोनला काका बसस्टँड गाठणार. म्हणून काकूंनी त्यांची दुपारची झोप निवडली. घोरणं सुरू झाल्यावर पिशवी घेऊन बाहेर आल्या, काकांच्याच कुलपाने दार बंद केलं आणि आपली किल्ली माझ्या मशीनवर ठेवली. मग हातातलं घड्याळ काढून तेही ठेवलं.

"पोचले की फोन करीन. तोवर उघडू नकोस."

"ओढून बघितलंत?"

"तीनदा," काकू म्हणाल्या आणि गेल्या.

चारला दार धडधडलं. मग काका खिडकीत आले. हत्यारांची पेटी घरात, तीस वर्षांचा सराव हातात आणि कुलूप दाराच्या पलीकडे. गजांतून हात घालून बघितला, तो कोयंड्यापर्यंत पोचेना. फोन करावा, तर किल्लीवाला स्वतःच्या घरात अडकला हे बाजारात कळणार. शेवटी कमरेची किल्ली गजांतून बाहेर धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणू लागले, "एवढं उघडून द्या हो."

दूधवाला म्हणाला, "राहू द्या काका, दिवस कसे आलेत." वरच्या मजल्यावरची मास्तरीण म्हणाली, "आत आहात तेच बरं, बाहेर ऊन आहे." न्हाव्याने तर जवळ जाऊन कुलूप निरखून पाहिलं, "माल पक्का आहे," म्हणाला आणि निघून गेला. किल्ली कोणी घेतली नाही. मी एका ब्लाउजच्या बाह्या जोडत होते. दोन्ही उलट्या जोडल्या गेल्या.

पाच वाजता काकांचा आवाज उतरला. "अगं, माणसाला असं कोंडून ठेवतात का कोणी?" ते मला म्हणाले. मनापासून विचारत होते. आपण काय बोललो, ते त्यांना कळलंच नव्हतं. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण त्या कुलपाला माझेही हात लागलेले होते. मी मशीन चालवत राहिले.

पावणेसहाला काकूंचा फोन आला. मी जाऊन दार उघडलं. काकांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातली किल्ली घेतली. उजेडात धरली, खाचांवरून अंगठा फिरवला.

"ही तर माझ्या हातची..." ते सवयीने म्हणाले आणि पायरीवर बसले.

किल्ली मुठीतच होती.

"कधी येणार म्हणाली?"

"ते काही बोलल्या नाहीत," मी म्हटलं. "घड्याळ इथेच ठेवून गेल्यात."